भिंत म्हणाली, बास

बॉक्सिंगच्या क्लबात त्याला सगळे भिंत म्हणायचे. पस्तिशीचा दांडगा गडी. खेळाडूंनी सरावासाठी ठोसे हाणायचे आणि त्यानं ते खायचे, हीच त्याची नोकरी. कोचचा नियम एकच होता: 'बेल वाजेपर्यंत जागा सोडायची नाही.' हा नियम त्याला मनापासून आवडायचा. बाहेर कोण कधी अंगावर येईल याचा नेम नसतो. इथे मार वेळेवर सुरू व्हायचा आणि वेळेवर संपायचा.

मार त्याला नवा नव्हता. लहानपणी मिक्सर सुरू झाला की तो कान दाबून किंचाळायचा आणि बाप पट्टा काढायचा. शाळेत, कारखान्यात, ज्याला सवड असेल तो हात साफ करून घ्यायचा. गेल्या वर्षी ताईच्या घरात त्यानं फरशीवर आपटून स्वतःचंच कपाळ फोडलं, तेव्हा ताई त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, ऑटिझम आहे, जन्मापासूनचा. ताई दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली.

"म्हणजे तू हट्टी नव्हतास रे. आणि आम्ही तुला नुसतं बडवलं."

डॉक्टरांनी एका थेरपीवाल्या बाईंचा पत्ता दिला. बाई चांगल्या होत्या, पण त्यांचा एक तास म्हणजे ताईची शिवणकामाची आठवड्याची कमाई. तेव्हा त्यानं क्लब धरला. तिथे एकाला सगळे हिरो म्हणायचे, तो कोचचा लाडका खेळाडू. त्याचे ठोसे सगळ्यांत जड आणि त्याच्यापुढे उभं राहायचे पैसेही सगळ्यांत जास्त. हिरोचा आठवडाभर मार खाल्ला की बाईंचा एक तास सुटायचा. ताईला हे ठाऊक होतं, पण भाऊ घरात शांत झोपू लागला होता, म्हणून तिनंही डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

"काम काय करता?" बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"उभा राहतो."

बाईंना वाटलं, वॉचमन असेल. विचारलं तेवढंच सांगायचं, ही त्याची जन्माची खोड.

बाईंनी त्याला एकच शब्द शिकवायला घेतला. बास. त्या उशीनं त्याचा खांदा रेटायच्या आणि नको झालं की त्यानं हात वर करून म्हणायचं, बास. कितीतरी आठवडे तोंडातून वाफ निघाली नाही. बेल कुठे वाजली होती? मग एकदा तो शब्द निघाला, घोगरा, चिरका. बाईंनी उशी लगेच खाली ठेवली. तो बघतच राहिला.

आणि एका संध्याकाळी क्लबातली बेल बिघडली. कोच फोनवर बोलत बाहेर गेला होता. हिरो आदल्या दिवशी लढत हरून आला होता. राग कुणावर तरी काढायचाच होता आणि भिंत आयती समोर उभी होती.

फेरीची वेळ संपली. बेल वाजली नाही, हिरो थांबला नाही. ठोसे बरगडीवर, पुन्हा त्याच बरगडीवर, मग जबड्यावर. भुवई फुटून डोळ्यात रक्त उतरलं. दोरांबाहेरची पोरं आधी हसत होती, मग मागे सरकली. पुढे कुणी आलं नाही. बघ्यांच्या बापाचं काय जातं? तो मात्र जागेवर उभा. कारण बेल वाजलीच नव्हती. एवढी कशी अक्कल नाही, असं म्हणू नका. अक्कल होती, पण दिलेल्या शब्दाला जागायची सवयही होती. 'पाच मिनिटांत आलो' म्हणून तासानं उगवणाऱ्या आपल्यासारख्यांना ते कळायचं नाही.

नाकाचं हाड मोडलं, तो आवाज त्याला डोक्याच्या आतून ऐकू आला. तेव्हा त्याचा हात वर गेला. पण तोंडात दात वाचवायचं रबर; शब्द आतच अडकला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. त्यानं जिभेनं रेटून रबर रक्तासकट थुंकलं.

"बास."

हिरोनं उघड्या तोंडावर हाणला. एक दात निखळून खाली पडला.

"बास म्हटलं ना."

हिरोनं पुन्हा हात उगारला. या वेळी भिंतीनं हाणला. आयुष्यातला पहिला ठोसा. हिरो आडवा झाला आणि बराच वेळ उठला नाही.

कोच धावत आला. हिरोला पाणी पाजून झाल्यावर त्यानं भिंतीला बाजूला घेतलं. एवढा मार खाणारा दुसरा मिळणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

"झालं गेलं सोड. उद्यापासून दुप्पट देतो. पण हात उचलायचा नाही आणि ते बास-बिस तोंडातून काढायचं नाही. भिंत कधी बोलते का?"

दुप्पट म्हणजे आठवड्याला बाईंचे दोन तास. तो शब्द गिळला, तरच तो शब्द शिकायचे पैसे मिळणार होते. त्यानं हे गणित मनात पुन्हा करून पाहिलं. उत्तर तेच आलं. त्यानं ग्लोव्ह काढून बाकावर ठेवले.

"बास," तो कोचला म्हणाला.

घरी ताईनं एकेक विचारून काम सुटल्याचं काढून घेतलं, त्याला खुर्चीवर बसवलं आणि ओल्या फडक्यानं रक्त पुसायला घेतलं. रागात तिचा हात जड व्हायचा. लहानपणी त्याचं तोंडही ती असंच खसाखसा धुवायची.

"आता बाईंचे पैसे कुठून आणायचे? इतकं सोसलंस, अजून थोडं सोसलं असतंस तर..."

"ताई, बास. दुखतंय."

तिचा हात तिथेच थांबला. बेल नाही, काही नाही, नुसत्या शब्दावर.

"लहानपणी पण दुखायचं?" तिनं विचारलं.

"हो."

"मग कधी बोलला का नाहीस?"

"शब्द नव्हता माझ्याकडे."

ताईनं फडकं त्याच्या हातात दिलं आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसून राहिली.