वीब्केच्या घरचा सर्व्हर

वीब्के टाडनला आपल्या सर्व्हरचा भारी अभिमान. सगळं जग बड्या कंपन्यांच्या दावणीला बांधलेलं आणि ही बाई ब्रेमेनमधल्या आपल्या कोठीत, काकडीच्या बरण्यांशेजारी, स्वतःचा सर्व्हर चालवते! असे हजारो छोटे सर्व्हर एकमेकांना जोडलेले, सगळ्यांचा मिळून मालक कुणीच नाही. वीब्केच्या सर्व्हरवर तिचं बागकाम मंडळ गप्पा मारायचं, आणि माडीवरची भाडेकरू गेशेही.

गेशे नवऱ्याला टाकून पळून आली होती. हेनिंगने तिचा हात मोडला होता, पुढच्या वेळी मान मोडीन म्हणाला होता. त्या धास्तीने नवा नंबर तिने वीब्केलासुद्धा दिला नाही. “नको देऊस,” वीब्के म्हणाली होती. “माझ्या सर्व्हरवर निरोप टाकत जा. घरातली गोष्ट घरात.”

त्या दुपारी गेशेच्या मुरंब्याच्या फोटोखाली कुणा अनोळख्याने लिहिलं, ‘दालचिनी अजून जास्तच घालतेस.’

हा हेनिंगच, वीब्केने ओळखलं. तिने त्याला अडवलं, तर तो दुसऱ्या सर्व्हरवरून दुसऱ्या नावाने आला. फोटो पुसला, पण त्याच्या प्रती कधीच इतर सर्व्हरवर गावभर झाल्या होत्या, आणि परक्या सर्व्हरवर हिचं ऐकतो कोण? मग आलं, ‘लाल दार छान आहे.’

वीब्केचं दार लालच होतं, पण फोटोत ते नव्हतंच. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. साइट चालवणाऱ्याने आपलं नाव-पत्ता तिथे लावायचा, हा इथला, जर्मनीचा कायदा. वकिलाच्या नोटिशीला भिऊन वीब्केने पहिल्याच दिवशी घर क्रमांकासकट पत्ता लावला होता. पोरीला लपवलं माडीवर आणि पत्ता वाटला जगाला. काय म्हणावं या शहाणपणाला!

तिची पाचावर धारण बसली. तिने सर्व्हरची वायरच उपटली. पत्त्याचं पान गेलं, जरा जिवात जीव आला, आणि दाराची बेल वाजली.

“टाडनबाई?” आवाज मोठा गोड होता. “गेशे नसेल तर थांबतो मी. घाई नाही.”

पोलीस फोनवर म्हणाले, निघतोय, दार उघडू नका. गेशे जिच्याकडे कामाला होती ती बेकरीवाली म्हणाली, ती केव्हाच सायकलवर घरी निघाली. आता तिला गाठायची एकच वाट होती आणि ती वीब्केनेच उपटून ठेवली होती. तिने वायर परत खोचली. पडद्यावर आलं, अचानक बंद पडल्यामुळे तपासणी चालू आहे, थांबा. तक्रार कुणाकडे करणार? मालकीण तीच, कारकून तीच, पहारेकरीही तीच.

“चल ना रे बाबा, हात जोडते तुला,” ती यंत्राला म्हणाली. तपासणी निम्म्यावर अडली होती.

कोपऱ्यावर गेशेची सायकल नेहमीसारखी दोनदा किणकिणली. बाहेर कुणीतरी पायरी उतरलं.

वीब्केने कडी काढली, दार सताड उघडलं आणि जिवाच्या आकांताने ओरडली, “गेशे, मागे फीर!”

हेनिंग वळला. सायकल थांबली की नाही, तिला दिसेना. मध्ये तो उभा होता.