खानदानी खांदा

काही घरांत एक गुपित असतं आणि ते सगळ्या गल्लीला माहीत असतं. ज्याच्याबद्दल ते असतं त्याला तेवढं माहीत नाही, अशी घरच्यांची खात्री असते. मंडळी, तुमच्या ओळखीतही असं एखादं घर असेल. मास्तरांचं घर त्यांपैकीच एक.

मास्तर पुरुषांचे कपडे शिवत. खाली दुकान, वर घर, आणि गळ्यात टेप, जो ते जेवतानाही काढायला विसरत. त्यांच्या घराण्यातल्या पुरुषांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली असे. आजोबांचा तसाच, वडिलांचा तसाच, धाकट्या भावाचा आणि त्यांचा स्वतःचाही. दुसऱ्या कुणी याला व्यंग म्हटलं असतं. मास्तर मात्र तो खांदा एखाद्या जहागिरीसारखा मिरवत.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल होईना, तेव्हा नवराबायको एका संस्थेत गेले आणि काही महिन्यांचा मुलगा घरी घेऊन आले. मास्तरांनी त्याला असा जीव लावला की गल्लीतल्या सख्ख्या बापांना आपली लाज वाटावी. पण पोराला पहिला शर्ट शिवायचा म्हणून त्यांनी माप घेतलं आणि टेप दोनदा लावून पाहिला. पोराचे दोन्ही खांदे फूटपट्टीसारखे सरळ होते. उद्या शाळेत कुणी विचारलं, तू बापासारखा कसा दिसत नाहीस, तर?

मग मास्तरांनी ते केलं, जे जगात फक्त एक शिंपीच करू शकतो. ज्यांचा खांदा उतरता असतो त्यांच्या कपड्यात पॅड घालून शिंपी तो उतार लपवतात. मास्तरांनी सरळ खांद्याच्या पोराला डावीकडे पॅड घातला, उजवीकडची शिवण खाली ओढली आणि उतार निर्माण केला. शर्ट घालून पोरगा रस्त्यावर आला की लोक म्हणत, "अगदी बापावर गेलाय." मास्तर दुकानात बसून ऐकत आणि त्यांची मशीन जरा जोरात चाले.

पोरगा शिकला, पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर झाला, लग्न झालं, तरी शर्ट बापाच्याच हातचे. आणि प्रत्येकाच्या डाव्या खांद्यात पॅड.

इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग सुनेला दिवस गेले. डॉक्टरबाईंनी नवराबायको दोघांना बोलावलं आणि मास्तर न बोलावता गेले. नातवंडाचा विषय होता, घरी बसवणार कोण त्यांना?

"तुमच्या घरात कुणाला मधुमेह?" डॉक्टरबाईंनी मुलाला विचारलं.

"माझ्या वडिलांना," मास्तर म्हणाले. "शेवटपर्यंत होता. गोड मात्र सोडलं नाही त्यांनी."

"दमा?"

"आजोबांना. त्यांचा खोकला पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जायचा."

"हृदयविकार?"

"दोन्ही काकांना." मास्तरांनी हे अशा थाटात सांगितलं की काकांना जणू पदकं मिळाली होती.

मुलगा दोनदा काही बोलायला गेला, पण मास्तर रंगात आले होते.

"जखम झाली की रक्त लवकर थांबत नाही, असं कुणाचं?"

इथे मास्तर अडले. पण एवढं सगळं दिल्यावर आता नाही म्हणणं त्यांना प्रशस्त वाटेना. "धाकट्या भावाच्या नाकाचा एकदा घोळणा फुटला होता. संध्याकाळपर्यंत थांबेना."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे गंभीर असू शकतं. आधी यांच्या रक्ताच्या तपासण्या करू. तसंच काही निघालं तर बाळंतपण मोठ्या इस्पितळातच करावं लागेल."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. तो खुर्चीत पुढे सरकला आणि शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, ते सगळं खोडा. ते बाबांचं आहे. मी दत्तक आहे. माझं मला काही माहीत नाही."

मास्तरांनी गळ्यातला टेप दोन्ही हातांनी घट्ट धरला. घरी परतल्यावर दुकानाचं दार अर्धं ओढून घेऊन मास्तरांनी विचारलं.

"कोण बोललं तुला? पेपरवाला? पहिल्यापासून हलकट आहे तो."

"कुणी नाही, बाबा. तुमचा शर्ट बोलला."

मग मुलाने सांगितलं. कॉलेजच्या हॉस्टेलवर असताना एक शर्ट फाटला, म्हणून त्याने आयुष्यात पहिल्यांदा तयार शर्ट विकत घेतला. दुकानदार म्हणाला, काय सरळ खांदे आहेत हो तुमचे. खोलीवर येऊन मुलाने बापाच्या शर्टाची शिवण उसवली. आत पॅड निघाला. सुट्टीत घरी आल्यावर त्याने आईला विचारलं.

"आणि तिने?" मास्तर बायकोकडे वळले.

"मी सगळं सांगितलं," बायको म्हणाली. "आणि वर बजावलं, तुला कळलंय हे बाबांना कळू देऊ नकोस, त्यांना झेपायचं नाही."

म्हणजे पोराला माहीत होतं, बायकोला माहीत होतं, सुनेला लग्नाआधीच माहीत होतं. गल्लीला तर होतंच. या घरात जर कुणी अंधारात होतं, तर ते एकटे मास्तर.

एवढ्यावर भागलं असतं तर मास्तर दोन दिवस फुगून बसले असते आणि तिसऱ्या दिवशी जेवायला आले असते. पण मुलाने पुढचंही सांगून टाकलं. दत्तक प्रकरणांची कागदपत्रं जिथे मोहोरबंद ठेवतात त्या कार्यालयात त्याने अर्ज केला होता. आपले रक्ताचे नातेवाईक कोण, त्यांना काय आजार होते, हे त्याला बाळ यायच्या आत हवं होतं. मोहोर उघडायची तर हाच तो मुलगा, असं आईवडील दोघांनी तिथे येऊन सांगायला हवं होतं, सहीसकट. आईची तयारी होती. अडलं होतं मास्तरांपाशी.

"मी सही करणार नाही," मास्तर म्हणाले आणि कात्री उचलून कापडाशी भांडायला लागले.

त्या आठवड्यात मास्तरांच्या हातून जे झालं ते त्यांच्या हयातीत झालं नव्हतं. बँकेच्या मॅनेजरांचा कोट ट्रायलला आला तेव्हा त्याच्या दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. मॅनेजर बिचारे सभ्य. आरशासमोर बराच वेळ वळून वळून पाहत राहिले, की चूक आपल्या हातात आहे की काय.

ते गेल्यावर बायको जिना उतरून खाली आली आणि मास्तरांसमोर स्टूल ओढून बसली.

"कशाची भीती वाटते तुम्हाला?"

"भीती कसली?"

"मग सही करा."

मास्तर खडूशी खेळत राहिले. मग एकदम म्हणाले, "तिथं त्याला खरी माणसं भेटतील. मग आपण कोण? त्याला सांभाळून ठेवलेली माणसं. सामान ठेवतात तसं."

"त्याच्या गोवराच्या वेळी रात्रभर त्याला खांद्यावर घेऊन फिरलात, ते सामान होतं?"

"तेच म्हणतोय ना मी. एवढं केलं आणि त्याला अजून शोधायचंच आहे."

"तुम्ही कमी पडलात म्हणून शोधत नाहीये तो," बायको म्हणाली. "त्याचं त्याला हवंय. तुम्हाला आजोबांचा खोकलासुद्धा पाठ आहे. डॉक्टरांसमोर काय ऐटीत सांगत होतात म्हणे. त्याला तसं सांगायला एक शिंकसुद्धा नाही. आणि तुमच्या त्या ऐटीपायी डॉक्टरबाई सुनेचं बाळंतपण मोठ्या इस्पितळात न्यायला निघाल्या होत्या, ते पाहिलंत?"

मास्तरांनी खडू खाली ठेवला.

"एवढी वर्षं मशीन चालवताय. गिऱ्हाइकाचं माप गिऱ्हाइकाच्या अंगावरून घेता. मग पोराचं माप स्वतःच्या अंगावरून का घेतलंत?"

मास्तरांनी मान खाली घातली. शिंप्याला शिंप्याच्या भाषेत सांगितलेलं लागतं. त्यांना एकदम लहान पोरगा दिसला, आरशासमोर उभा, तिरक्या शर्टात, आणि आपण त्याला म्हणतोय, बघ कसा झकास बसलाय! त्यांचे डोळे भरून आले. ते बाहीला पुसून त्यांनी विचारलं, "कुठे आहे ते ऑफिस?"

ऑफिसातल्या बाई चष्मा कपाळावर ठेवून सगळ्या टेबलभर चष्मा शोधत होत्या. सुनेने तो दाखवल्यावर त्यांनी कामाला सुरुवात केली. बायकोने सही केली. मास्तरांनी पेन हातात घेतलं आणि विचारलं, "याच्या जन्मदात्या बाई म्हणाल्या, माझा मुलगा मला परत द्या, तर?"

बाईंनी मुलाकडे पाहिलं. पुलांवर उन्हातान्हात रापलेला, मिशीवाला, लवकरच बाप होणारा माणूस. "काका, याला कुणाला द्यायचं म्हटलं तर आधी यालाच विचारावं लागेल. उचलून नेण्यासारखा राहिला नाही हा."

मग त्या गंभीर झाल्या. "एक ध्यानात ठेवा. आपण कुठून आलो, हे विचारायचा याचा हक्क आहे. तसा दार न उघडण्याचा हक्क त्यांचाही आहे. आम्ही त्यांना आधी विचारू. त्या हो म्हणाल्या तरच नाव-पत्ता मिळेल. परस्पर कुणाच्या दारात जायचं नाही."

मुलाने मान हलवली. मास्तरांनी सही केली.

त्यानंतरचे आठवडे घरात फोन वाजला की चौघेही उठत. अखेर ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. मुलाची जन्मदाती हयात होती. तिचा संसार होता, त्या घरात हे कुणाला माहीत नव्हतं आणि भेटायची तिची अजून तयारी नव्हती. पण आपल्या भावाला तिने जायला सांगितलं होतं. मुलगा फोन ठेवून खिडकीशी गेला. मास्तर जवळ गेले, पण काय बोलावं ते न सुचून त्यांनी त्याच्या शर्टावरचा नसलेला धागा काढला.

मामा पुढच्या रविवारी आले. शाळेची बस चालवायचे, नुकतेच निवृत्त झाले होते. ते दारात उभे राहिले आणि मास्तरांची नजर, कितीही नाही म्हटलं तरी, खांद्यांवर गेली. सरळ. फूटपट्टी लावावी असे.

"काही लागलंय का?" मामांनी आपले खांदे झटकत विचारलं.

"नाही, नाही," मास्तर म्हणाले. "शिवण पाहत होतो."

चहा झाला. मामा भाच्याकडे पाहत आणि त्याने पाहिलं की कपात पाहत. मग त्यांनी विचारलं, "ताई म्हणाली, एवढं नक्की विचारून ये, पोटभर जेवतो ना?"

मास्तरच म्हणाले, "कमरेची शिवण दोनदा सोडवली मी त्याच्या पँटची. त्यांना सांगा, काळजी करू नका." आणि मग, इतका वेळ पोटात दाबून ठेवलेलं, "त्यांच्यामुळे आम्हाला मुलगा मिळाला, तेही सांगा."

घराण्यातल्या आजारांचा विषय निघाला. मामा म्हणाले, "तसं काही नाही आमच्यात. फक्त ऑपरेशनची भूल उतरत नाही लवकर. माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा कितीतरी तास श्वासाच्या मशीनवर ठेवलं होतं. ताईलाही एकदा तसंच झालं."

"एवढंच?" मास्तर म्हणाले. आपल्या घराण्याच्या मानाने त्यांना ते अगदीच किरकोळ वाटलं.

डॉक्टरबाईंना ते किरकोळ वाटलं नाही. त्यांनी मास्तरांची सगळी यादी खोडली आणि हे एकच वाक्य लाल शाईने लिहिलं. मुलाच्या आणि येणाऱ्या बाळाच्या ऑपरेशनची कधी वेळ आली, तर भूल देणाऱ्याला हे आधी सांगायचं आणि रक्ताची तेवढी एक तपासणी करून ठेवायची. हे कळलं नसतं तर एखाद्या दिवशी जिवावर बेतलं असतं. मास्तर बाहेर येऊन बाकावर बसले. आपण अडवून धरलेल्या सहीमागे काय होतं, ते त्यांना आता दिसलं.

घरी आल्यावर त्यांनी मुलाला दुकानात बोलावलं. चांगलं कापड काढलं आणि नव्याने माप घेतलं. मुलगा ताठ उभा होता. मापाला सगळेच ताठ उभे राहतात. खांदे सरळ भरले. मास्तरांनी पहिल्यांदा पोराचा शर्ट पॅडशिवाय, सरळ खांद्याचा शिवला.

ट्रायलच्या वेळी मात्र शर्ट उजवीकडे गोळा झाला. मास्तरांनी झटकला, ओढला, पुन्हा पाहिला. चुण्या जाईनात. मास्तर चकरावले. मग त्यांनी मागे सरकून नीट पाहिलं. सुनेशी बोलत मोकळा उभा असलेल्या पोराचा उजवा खांदा बोटभर खाली होता.

"हे कुठून आलं?" मास्तरांनी विचारलं. "मामांचे तर सरळ आहेत."

मुलगा हसला. "तुमच्याकडून. पॅड सापडल्यापासून मी खांदा पाडून चालायला लागलो, बाबा. तुमचा शर्ट नीट बसावा म्हणून. नाहीतर कुणीतरी विचारलं असतं आणि तुम्हाला वाईट वाटलं असतं. आता सवयच झाली."

मास्तरांनी पोराला मिठी मारली. त्या नव्या शर्टाला टाचण्या लावलेल्या होत्या, त्या दोघांनाही टोचल्या, पण कुणी सोडलं नाही.

मंडळी, दत्तक मुलाला सत्य सांगितलं तर ते आपल्याला सोडून जाईल, ही भीती आपल्या घराघरांत दडून बसलेली आहे. ती आधी काढा. आपण कुणाच्या पोटी आलो, हे मुलाने विचारलं तर तो आपल्या मायेचा हिशोब मागत नाही, स्वतःची ओळख मागतो. ती त्याची आहे, ती त्याला मिळाली पाहिजे. आणि ते विचारायला तो निघाला, तर त्याला एकट्याने जाऊ देऊ नका, सोबत जा. माया केलेली असेल तर ती कुठल्याही मोहोरबंद पाकिटाने पुसली जात नाही. ती पोराच्या अंगात उतरलेली असते.

मास्तरांनी तो शर्ट उसवला आणि मुलाला म्हणाले, "आता मोकळा उभा राहा." मग त्याच्या अंगावरून पुन्हा माप घेतलं आणि उजवीकडे बोटभर उतार देऊन शर्ट शिवला. या वेळी पॅड घालावा लागला नाही.