त्रुआची दुपार

साहेब, तुम्ही चोर आहात. तेही साधे नव्हे. चोरलेल्या मालात खोट निघाली म्हणून मालकाच्याच अंगावर धावून जाणारे.

माझे वडील निकेझ कोलो त्रुआ गावात मोजे विणतात. गणित स्वतःच शिकले. अमुक दिवशी दुपारी बाराला चंद्र आकाशात कुठे असेल, याची कोष्टकं त्यांनी अकरा वर्षं खपून मांडली. त्यांवरून भर समुद्रात जहाजाला आपला ठिकाणा काढता येतो. एकेक आकडा मी ताडून पाहिला आहे. खाटीक जिबू दारातून ओरडायचा, "काय निकेझभाऊ, चंद्राच्या पायाचं माप मिळालं का?"

"मिळालं की! तुझ्यापेक्षा वेळेवर येतो तो मापाला."

कोष्टकं राजधानीला, तुमच्या वेधशाळेकडे धाडली. तुम्ही कळवलंत, काम कच्चं आहे. वह्या मात्र ठेवून घेतल्यात. दोन वर्षांनी ग्रंथ निघाला, तुमच्या नावाचा. बाबांनी चार पानं चाळली.

"पेरेत, अगं हे आपलंच!" मग हसतच सुटले. "आणि गाढवांनी दुपारसुद्धा आपलीच घेतली!"

हिशोब त्रुआच्या दुपारचा होता. आमच्याकडे सूर्य राजधानीच्या सात मिनिटं आधी माथ्यावर येतो. बाबांनी पहिल्या पानावर तसं स्वच्छ लिहिलं होतं. तुम्ही तेच पान फाडलंत, कारण तिथे तुमचं नाव घालायचं होतं. आणि खाली छापलंत, 'राजधानीची दुपार'.

"त्यांना कळवायला हवं," बाबा म्हणाले.

"कशाला? बुडू दे की त्यांचं नाव!"

"नाव नाही गं, जहाजं बुडतील."

म्हणून त्यांनी तुम्हाला पत्र लिहिलं. भला माणूस! त्याचं तुम्ही काय केलंत? काल तुमचं शुद्धिपत्र आलं: 'सात मिनिटांची चूक त्रुआच्या कोलो नामक मोजेवाल्याच्या निष्काळजीपणामुळे झाली.' एवढ्या जाडजूड ग्रंथात बाबांचं नाव या एका ओळीत.

बाबांनी ते वाचलं, पाटी पुसली आणि मागावर जाऊन बसले. मी आकडेमोडीचं विचारलं तर म्हणाले, "मला काय विचारतेस? निष्काळजी माणूस मी."

तर साहेब, कोष्टकं बाबांची नसतील, तर त्यांतली चूक बाबांची कशी? आणि बाबांची असतील, तर ग्रंथावर तुमचं नाव कसं? उत्तर द्या. आणि छापून द्या.