मीठ मागून येतंय

पत्रावळ.
दिग्रसच्या जिनिंग कारखान्यामागच्या वस्तीत लग्न असो की बुद्धजयंती, भाजी मारोती आचाऱ्याचीच. कापसाचा भाव पडला, जिनिंगा अर्ध्यावर आल्या, तेव्हापासून घरोघरी मीठ-मिरची अन् भाकरी. पोटभर भाजी मिळायची ती मारोतीच्या पंगतीत. लोक तिची महिनोन्‌महिने आठवण काढत. मारोतीची कमाई म्हणाल तर एवढीच.

(पत्रावळीवर आधी मीठ येतं, हे खरं. जरा थांबा.)

लिंबू.
नगरपरिषदेच्या दवाखान्यातली शीला सिस्टर वस्तीत बीपी तपासत फिरायची. मीठ कमी खा, असं भाषण तिनं कुठल्याच दारात ठोकलं नाही. ज्याच्या भाकरीवर दुसरं काहीच नाही, त्याला कोणत्या तोंडानं सांगणार? ती थेट मारोतीच्या चुलीपाशी आली.

"मारोतीभाऊ, अर्ध्या वस्तीचं बीपी चढलं. तुमचंबी. जिभेले खारटाची सवय लागली, अन् तुमी त्याच जिभेनं चाखून साऱ्यायले मीठ घालता."

"मंग?"

"या बुद्धजयंतीले कमी घाला. तुमच्या हातचं लोक खातील."

"अन् नाव गेलं माहं तं?"

सिस्टरनं उगाच धीर दिला नाही. म्हणाली, "जाऊ शकते. म्हणूनच इचारून राह्यली."

भाजी.
"कायले तोंड पाडून बसले?" रुखमाबाई नवऱ्यावर डाफरली. "धने भाजा, जवस कुटा, चिंच घाला. मिठाचंच नाव मारोती हाय काय?"

बुद्धजयंतीच्या दिवशी मारोतीनं मुठीतलं अर्धं मीठ डब्यात परत टाकलं. भाजी चाखली नाही. जिभेवर आता त्याचाच भरवसा नव्हता. पंगत बसली तशी मीठ वाढणाऱ्या संघदीपची बाही धरली. "तू सगळ्यायच्या मांगून."

मीठ.
"मीठ कुठी हाय बे?" पंगतीतून देवीलाल ओरडला. "आचारी झोपला काय?"

"येऊन राह्यलं, भाऊ! तवरक भाजी तं खा!" मारोतीनं कढईपासूनच आवाज दिला.

अन् तिथूनच एकेक पत्रावळ पाहू लागला. दोघांतिघांनी मीठ मागून घेतलंच. संघदीप देवीलालपाशी पोचला, तेव्हा पत्रावळ पुसल्यासारखी साफ.

"आता मिठाले काय करू? भाजी आण!" मग मारोतीकडे वळून, "पोरीच्या लग्नात हेच पाहिजे मले. काय टाकलं बे हिच्यात?"

"ते सिस्टरले इचारा," मारोती म्हणाला, अन् बादली भरायला वाकला.