धनराजची मिशी

मीनाला कुणी "हे तुला जमायचं नाही" म्हटलं की संपलं. मग ती गोष्ट झाल्याशिवाय ती स्वतः झोपत नसे आणि घरात दुसऱ्या कुणाला झोपू देत नसे. लग्न होऊन पंचवटीत आली, त्याच आठवड्यात सासऱ्यांनी, सावळीरामनानांनी, तिला बजावलं, "सूनबाई, आपल्यात बाईमाणूस वस्तऱ्याला हात लावत नाय." मीनाने मान डोलावली. आणि शाळा-कॉलेजं उघडली तशी जाऊन मुलींच्या आयटीआयमध्ये केशकर्तनाच्या कोर्सला नाव घालून आली. नानांनी आदळआपट केली, तर म्हणाली, "बायकांचेच केस कापायचेत नाना, गड्यांचे नाही." पुढे घराच्याच समोरच्या खोलीत तिचं पार्लर उभं राहिलं आणि नानांच्या सलूनपेक्षा तिथे गिऱ्हाईक जास्त झालं.

नानांची सगळी हयात रामकुंडावर गेली. यात्रेला आलेले, दहाव्याला आलेले, सगळे त्यांच्यापुढे मान खाली घालून बसायचे. डोकं झालं, दाढी झाली की नाना वस्तरा थांबवायचे आणि ठरलेला प्रश्न विचारायचे, "वडील आहेत का?" आहेत म्हटलं की मिशीला हात नाही. बाप जिवंत असताना पोराने मिशी उतरवायची नाही, ती उतरायची बाप गेल्यावर. समोर मोठा साहेब असो नाहीतर विंचूरचा कांद्याचा व्यापारी, विचारल्याशिवाय नाना पुढे सरकत नसत. त्यामुळे त्यांचा स्वतःचा मुलगा धनराज, म्हणजे मीनाचा नवरा, मिशी फुटल्यापासून तिला जपून होता. चांगली झुबकेदार मिशी, आणि त्याच्यासारख्या गरीब स्वभावाच्या माणसाला अजिबात न शोभणारी.

तर दोन हजार पाच साली मीनाच्या डोक्यात न्यूझीलंड शिरलं.

शिरलं म्हणजे उगाच नाही. त्यांची आरोही तेव्हा तिसरीत होती. एक दिवस शाळेतून आली आणि दप्तर न काढताच विचारलं, "आई, हजाम ही शिवी आहे का गं?" वर्गातल्या कुणीतरी तिला तसं म्हटलं होतं आणि सगळा वर्ग हसला होता. मीनाने पोरीला जेवायला वाढलं, मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि रडून घेतलं. लोक डोकं हातात देतात, गळा हातात देतात आणि वर नावं ठेवतात! त्याच आठवड्यात ती कॉलेज रोडच्या एका एजंटकडे गेली. तो म्हणाला, तिकडे हेअरड्रेसर पाहिजेत, सर्टिफिकेट असेल तर नवरा-मुलगी दोघांसकट जाता येईल. आता बोला! पाच पिढ्या वस्तरा फिरवणाऱ्या घरात सर्टिफिकेट कुणाकडे? तर एकट्या सुनेकडे.

"बायको कमवणार न् नवरा तिच्या व्हिसावर फिरणार," नाना म्हणाले. "लय शोभतंय."

"मला चालतंय," धनराज म्हणाला. तेवढंच बोलला, पण बोलला.

तिकडच्या एका सलूनची मालकीण मीनाला घ्यायला तयार होती. अट एकच. दुसऱ्याच्या हातचं काम स्वतःचं म्हणून दाखवणारे तिला आधी भेटले होते, म्हणून तिला मीनाचे हात बघायचे होते. एका बाईचा हेअरकट आणि एका पुरुषाचा मशीन कट, शिवाय वस्तऱ्याने पूर्ण दाढी, मिशीसकट. शूटिंग एका दमात, मध्ये कुठे कट नाही. ओठावरच्या कामात हात कळतो, असं म्हणे ती बाई सांगत होती. यात मात्र नानांनाही खोट काढता आली नसती.

मीना वस्तरा शिकली ती धनराजकडून, सोमवारी, सलून बंद असायचं तेव्हा. आधी फुग्याला साबण लावून. पहिल्या सोमवारी इतके फुगे फुटले की शेजारणीने विचारलं, कुणाचा वाढदिवस आहे? मग फुगे फुटायचे थांबले आणि धनराजने स्वतःचा गाल पुढे केला. गाल, हनुवटी, गळा. मिशीपाशी आली की वस्तरा खाली. तिथला सराव व्हायचा तो शेजारच्या देवरामवर. देवराम रिक्षा चालवायचा, त्याचे वडील केव्हाच वारलेले. शूटिंगलाही तोच बसणार होता.

शूटिंगच्या दिवशी सकाळी लग्नांचं शूटिंग करणारा हर्षल कॅमेरा, दिवे घेऊन आला. ऐन लग्नसराईत त्याला तेवढाच एक दिवस मोकळा होता, आणि कॅसेट त्याच दिवशी कुरियरला पडायला हवी होती, नाहीतर मालकीण दुसरी कुणी बघणार होती. बाईचा हेअरकट मस्त झाला, समोरच्या कॉलनीतली मुलगी बसली होती. आता देवराम. देवराम आला, पण दारातूनच, चप्पल न काढता.

"वहिनी, माफ करा. धोंडीरामअण्णांनी निरोप धाडलाय. बाईच्या वस्तऱ्याखाली बसलास तर पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत एक दुकान तुझ्या डोक्याला हात लावणार नाही म्हणाले."

धोंडीराम म्हणजे सलूनवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष. देवराम रिक्षा काढून पळाला. मीना हातात टॉवेल घेऊन खुर्चीपाशी उभी राहिली. तिला राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. सगळे सोमवार, आरोहीला दिलेला 'तिकडच्या शाळेत घालीन तुला' हा शब्द, सगळं त्या रिकाम्या खुर्चीत अडकलं होतं.

तेव्हा धनराज आतून आला, शर्ट काढून खुंटीला लावला आणि बनियनवर खुर्चीत बसला.

"मी बसतो," म्हणाला.

आतल्या खोलीत नानांच्या हातातली चहाची बशी खाली आदळली. नाना दारात आले. "धन्या, ऊठ."

"नाना, आजच्या दिवस—"

"अरे, मी जिवंत हाय! आख्खं गाव माझ्यापुढं बसलं, मी एकाची मिशी अशी उतरवली नाय. न् माझ्याच घरात?" नानांचा आवाज फाटला. मग ते मीनाकडे वळले. "सूनबाई, त्याच्या मिशीला वस्तरा लागला की मी मेलो समजायचं. या घरात पाणी प्यायचो नाय."

सासूबाई, कुसाबाई, मधे पडायला आल्या, पण नानांनी टोपी घातली, पिशवी उचलली आणि त्र्यंबकला मेव्हण्याकडे जातो म्हणून तरातरा एसटी स्टँडकडे निघून गेले.

हर्षल बिचारा दिवा बंद करू का चालू ठेवू या विचारात. मीनाने डोळे पुसले. तिच्या मनात एकदा आलं, की जाऊ दे, मोडला संसार कुणाला पाहिजे. मग आलं, की आज खुर्ची रिकामी राहिली तर उद्या आरोहीला काय सांगायचं? हो बाळा, शिवीच आहे, असं?

"लाव कॅमेरा," ती म्हणाली.

"वहिनी, मधे गुलाबाच्या पाकळ्या टाकू का? इफेक्ट आहे माझ्याकडे."

"पाकळी टाकलीस तर तुझीच मिशी काढीन. एका दमात घ्यायचं."

मशीन कट झाला, गाल झाले, गळा झाला. मग ती मिशीपाशी आली आणि थांबली. नानांच्या घरातली सून ती, विचारल्याशिवाय पुढे जाणार कशी? कॅमेरा चालू होता. तिने विचारलं, "वडील आहेत का?"

"आहेत," धनराज म्हणाला. डोळे मिटून म्हणाला. "तू काढ."

आणि तिने काढली. नाकाखालची खाच, ओठाचे कोपरे, सगळं एका दमात.

दुपारी धनराज कॅसेट घेऊन स्कूटरवर कुरियरच्या ऑफिसात गेला. त्या कॅसेटचं पुढे सोनं झालं, ती बाई हो म्हणाली, पण ते नंतर. त्या दुपारी झालं ते असं, की धनराज केस बारीक केलेला आणि मिशी साफ, असा मालेगाव स्टँडवरून गेला, पूल ओलांडून रविवार कारंज्यावरून गेला आणि त्याच रस्त्याने परत आला. सावळीराम न्हाव्याच्या पोराची मिशी गेलेली बघितल्यावर लोक काय समजणार?

तो घरी पोचायच्या आत दाराशी माणसं जमली होती. मंडपवाल्याने न सांगता खुर्च्या आणून टाकल्या. बायका कुसाबाईंच्या गळ्यात पडल्या.

"अहो, मेले नाहीत ते! त्र्यंबकला भावाकडे बसलेत माझ्या!" कुसाबाई ओरडत होत्या. "माझं कुंकू दिसत नाही का तुम्हाला?"

"धक्का बसलाय म्हातारीला," कुणीतरी म्हणालं. "रडू द्या, मोकळी होईल."

धनराज स्कूटरवरून उतरला तसा दोघांनी त्याला मिठीच मारली. "कळवायचं तरी रे. परस्पर उरकून मोकळे झालात?" तो "अहो, नाना आहेत" म्हणायचा, की ते आणखी जोरात पाठ थोपटायचे. मीना घसा बसेपर्यंत सांगत होती, पण ऐकतो कोण? धोंडीरामअण्णा पांढरीशुभ्र टोपी घालून पुढच्या खुर्चीवर बसले होते आणि नाना किती मोठ्या मनाचे होते ते सांगत होते. जिवंतपणी कधी धड बोलले नव्हते त्यांच्याशी!

आणि तेवढ्यात खुद्द नाना आले. पिशवी हातात, पायात धूळ. मेव्हण्याने समजूत घातली होती की नुसतंच करमलं नव्हतं, देव जाणे. गल्लीच्या तोंडाशी गर्दी बघितली. त्यांना वाटलं, कुसाबाईंचं काही झालं. धावतच आले.

"काय झालं? कोण गेलं?"

एक बाई किंचाळली. बाकीचे उठून उभे राहिले. शेवटी कुसाबाईच म्हणाल्या, "तुम्ही गेलात. या, बसा."

नानांना समजायला जरा वेळ लागला. मग त्यांनी धनराजकडे बघितलं. सकाळचा शब्द त्यांनीच दिला होता, मी मेलो समजायचं, आणि सगळ्या पंचवटीने तो खरा करून ठेवला होता. मीना पुढे झाली. भीती वाटत होती, पण मान वर होती.

"मी काढली, नाना. ज्याची मिशी त्याला विचारून काढली. तुम्ही मेलात असं मी समजणार नाही, तुम्हाला काय समजायचं ते समजा."

धोंडीरामअण्णांना आता कंठ फुटला. "बघा! बाईच्या हातात वस्तरा दिला की हे असं होतं. बाप जिवंत असताना! सावळीराम, तुझ्या घरानं समाजाचं तोंड काळं केलं. संघटनेत हा विषय घेणार मी. बाईच्या वस्तऱ्याखाली आपला कुठलाच गडी बसता कामा नये."

नाना धनराजजवळ गेले, त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि वरच्या ओठावरून अंगठा फिरवला, खालून वर, उलटा. मग नाकाच्या खाली, खाचेत. तिथे चांगल्या चांगल्यांचा हात फसतो. मग ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांत. सगळी गल्ली बघत होती. त्यांनी अंगठा चोळून बघितला, परत एकदा फिरवला.

"कुठं कापलं का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"जळजळ?"

"नाही, नाना."

नाना धोंडीरामकडे वळले. "धोंड्या, मी गेलो म्हणून आलास, लय उपकार. आता मी हाय, तर नीट ऐक. तुझ्या दुकानात हयात गेली तुझी, पण अशी मिशी उतरत नाय तुझ्याकडून. हात फिरवून बघ, ये. नाय? मग तुझा विषय तू घे तुझ्या संघटनेत. न् माझंही नाव घाल त्यात."

असं म्हणून त्यांनी पिशवी कुसाबाईंच्या हातात दिली, पार्लरमधली खुर्ची उचलून ओट्यावर, सगळ्यांच्या समोर आणून ठेवली, टोपी काढली आणि बसले. मीना बघतच राहिली. कुसाबाई आतून गरम पाणी घेऊन आल्या, तेव्हा ती भानावर आली. तिने टॉवेल गुंडाळला, साबण लावला. सांत्वनाला आलेले पुरुष खुर्च्यांवर चुळबुळत होते, पण उठून कुणी जाईना.

गाल झाले. गळा झाला. ती मिशीपाशी थांबली.

"वडील आहेत का?" तिने विचारलं.

"नाहीत," नाना म्हणाले. "काढ."

तिने ब्लेड बदललं. नाना साबणातून पुटपुटले, "सूनबाई, तिकडं बाया गड्यांची दाढी करत्यात? न् कुणी नावं ठेवत नाय?"

"करतात, नाना. नाही ठेवत."

"मग हितं काय थांबून ऱ्हायली? जा."

"जाणारच आहे," मीना म्हणाली. "आता बोलू नका. वस्तरा ओठावर आहे."

आणि नाना गप्प बसले.