भिंतीपल्याडची शांता

माया घरात आता मराठी बोलनारं कोनी राह्यलं नाही. पोरगा रवी इकडं मध्यप्रदेशात, बालाघाटातच जन्मला, हिंदीतच वाढला. नात राखी तं तोंडावर म्हनते, "दादी, क्या मले-तुले लगा रखा है, ठीक से बोलो ना." ठीक से! अवो, तुया आज्याले मी याच बोलीनं ताळ्यावर आनलं होतं.

बोलाले शांता होती. माई लहान जाऊ. दोघीही महाराष्ट्रातल्या, तिरोड्याकडच्या, याच आंगनात नांदलो, अडतीस वर्सं भांडलो अन् हासलो. मागच्या वर्सी वड्यांवरून बिनसलं. कोनाच्या वड्या आधी खाटेवर वाळू घालाच्या, बस, एवढंच. मी अबोला धरला. आठ दिवस. नवव्या दिवशी थे सकाळी उठलीच नाही. मेल्या मानसाशी धरलेला अबोला कसा सोडाचा, हे मले अजून कोनी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर भिंतीपल्याडच्या खोलीत एक स्वेटरवाली भाड्यानं राहाले आली. तिबेटी. नवऱ्याचं दुकान बसस्टँडजवळ, थे दुपारभर बुटक्या भिंतीपलीकडं, तिकडच्या आंगनात बसून विनते. वार्डातल्या बाया तिच्याशी हिंदीत बोलत, पन "कितने का है" याच्यापुढं कोनी जात नसे. मी तं तेवढंही नाही. मी गेलेल्या शांताशीच मराठीत बोलो, अन् मोठ्यानं बोलो, कारन इथं मराठी म्हंजे आपली कुलपाची पेटी, परक्याले उघडत नाही.

"पाय वो शांता, चहात मीठ टाकते हे! अन् तोंड पाय कसं केलं, जनू आपनच हिचे पैसे बुडवले."

थे खाली मान घालून विनत राहे. मले लय बरं वाटे, खोटं काहून सांगू.

मंग पौष लागला. वैनगंगेवरचं धुकं अकरा वाजेपर्यंत हटत नाही, अन् त्याच्यामागून ऊन येते थे असं मऊ, का डोये आपोआप मिटतात. मी खाटेवर पडून शांताशी बोलत राहो. एक दिवस अशीच अर्धी झोपेत होती. म्हनलं, "शांता, तू काहून बोलत नाही वो?"

"बोलून तं राह्यली ना," आवाज आला.

मी डोये उघडले नाही. उघडले असते तं गेली असती थे. कुठून तरी लोकरीचा वास येत होता, ऊन पापन्यांवर लाल दिसत होतं. मी हळूच इचारलं, "रागावली का?"

"नाही वो. मी नाही रागावली."

"अन् वड्या?"

"वाळल्या सगळ्या. झोपा आता."

माय वो! छातीवरचा पाटा कोनी उचलून नेला जसा. मंग चार-पाच दुपारी असंच झालं. मी इचारो, थे सांगे. तिरोड्याच्या बाजाराच्या गोष्टी मीच सांगो, थे नुसतं "हौ, हौ" म्हने. सकाळपासून मी उन्हाची वाट पाहो.

सहाव्या दिवशी गल्लीत कोनाच्या मोटरसायकलचा हॉर्न वाजला अन् माये डोये उघडले. भिंतीवरून स्वेटरवालीचं तोंड दिसलं. तिच्या ओठावर अर्धा "हौ" तसाच होता.

"तू?"

तिच्या सुया थांबल्या. "मी गोठनगावची, गोंदियाकडची. आमची तिबेटी लोकायची वस्ती हाये तिथं. जन्मलीच तिथं मी, हेच बोलतो आमी लहानपनापासून."

दोन महिन्याचं सगळं माया डोक्यात चढलं. चहा, मीठ, तोंड, समदं ऐकलं होतं हिनं. अन् शांताची माफी? थेही हिनंच देल्ली!

"मेल्या बाईचा आवाज चोरते?" मी वरडली. "लाज नाही वाटत?"

थे म्हनली, "तुमी रोज इचारत होत्या. कोनीच उत्तर देत नव्हतं. मले ऐकवलं नाही."

मी घरात गेली अन् कडी लावली.

एक दिवस, दोन दिवस, पाच. ऊन तसंच येई, पन त्यात काही राह्यलं नव्हतं. भिंतीपल्याड सुया वाजत, बस. सातव्या दिवशी राखी म्हने, "दादी, स्वेटरवाली आंटी लोग सामान बाँध रहे हैं. सीजन खतम." मी बोटं मोजली. सात. उद्या आठ, अन् नववा दिवस कसा असते थे मले ठाऊक होतं.

खाट ओढत नेली अन् भिंतीले लावली. पडली. डोये मिटले, कारन उघड्या डोयानं माया तोंडून निघालं नसतं. तिचा नवरा तिले हाक मारे, म्हनून नाव माहीत होतं.

"पेमा," म्हनलं, "तू काहून बोलत नाही वो?"

गाठोड्याची दोरी ओढल्याचा आवाज थांबला. मंग पल्याड स्टो पेटला, अन् लय वेळानं भिंतीवर गिलास वाजले.

"आधी डोये उघडा," थे म्हनली.

उघडले. भिंतीवर चहाचे दोन गिलास, अन् मागं पेमा. शांता नाही. मी एक गिलास उचलला, घोट घेतला.

"मीठ जास्त झालं," मी म्हनलं.

"हौ," पेमा म्हनली. "दोन महिन्यापासून सांगून राह्यल्या ना तुमी."