तीन नंबरचं इंजिन

हॉलंडमधल्या आल्समेरच्या क्लबात लुबर्ट कोइस्त्राची एक गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती, कारण ती तो स्वतःच दर शनिवारी सांगायचा. त्याच्या विमानानं हजार तास उडून काढले होते आणि चारपैकी एकही इंजिन कधी बदललं नव्हतं.

विमान कॉम्प्युटरमधलं होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मागाहून कुणी म्हणायचं की फसवलं. पण म्हणून त्याला खेळणं म्हणाल तर क्लबातले पंचवीस म्हातारे तुमच्या अंगावर धावून येतील. जेट घेतलं तर बटण दाबा आणि पेपर वाचत बसा, उडवायला शिल्लकच काय राहतं? जुन्या पंख्याच्या डीसी-सिक्सचं तसं नाही. त्याची चार इंजिनं म्हणजे एका स्वयंपाकघरातल्या चार जावा. एक लवकर तापते, दुसरीला तेल जास्त लागतं, तिसरी सकाळी उठायलाच तयार नसते. चौघींची मर्जी सांभाळत पाच-पाच तास बसायचं, घड्याळ पुढं सरकवायचं नाही, आणि उतरल्यावर जी काय मोडतोड झाली असेल ती तशीच पुढच्या माणसाच्या हवाली करायची. क्लबाच्या कॉम्प्युटरवर विमानाची प्रकृती जशीच्या तशी साठून राही. आज तुम्ही इंजिन भाजलंत, तर परवा दुसऱ्याला भाजलेलं इंजिन मिळणार. अख्खी गंमत त्यातच होती.

लुबर्टचा जोडीदार होता एव्हर्ट झाईलमान्स. जन्मभर हरितगृहात शेवंती पिकवलेला, बोलायला गोड, पोटात शिरणारा. जुन्या वाटेनं दोघं मिळून ॲमस्टरडॅम ते जकार्ता जायचे. मंगळवारचा टप्पा लुबर्टचा, गुरुवारचा एव्हर्टचा, आणि मध्ये एकमेकांच्या दारात टाकायची, वहीतल्या पानावरची चार ओळींची चिठ्ठी. विमानाचं एक ‘दवाखान्याचं पान’ही होतं. त्यावर प्रत्येक इंजिनाची तब्येत आकड्यांत दिसे आणि शेजारी ‘नवीन इंजिन’ असं बटण असे. ते पान उघडायचं नाही, हा दोघांचा शब्द होता. काटे बघायचे आणि कानांनी ऐकायचं, बस्स. पान उघडायचा परवलीचा शब्द मिन्केबाईंनी, म्हणजे क्लबाच्या अध्यक्षांनी, दोघांनाही पाकिटातून दिला होता. लुबर्टनं आपलं पाकीट न फोडता वडिलांच्या टोपीत ठेवून दिलं होतं.

वडिलांचं सांगायलाच हवं. ते खऱ्या विमानात इंजिनिअरच्या स्टुलावर बसून खरोखर जकार्ताला जात. ‘इंजिन आधी कानाला सांगतं, मग काट्याला’, असं म्हणत. लुबर्टनं एकोणचाळीस वर्षं बस चालवली. वडिलांचा कान आपल्याला मिळाला की नाही, हे कळायची संधीच त्याला कधी मिळाली नाही. ती मिळाली थेट साठीनंतर, आणि हजार तासांनी उत्तर दिलं होतं की मिळाला. तीन नंबरचं इंजिन पहिल्यापासून नाजूक, पण लुबर्टनं ते तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. येत्या शनिवारी क्लब त्याला एका खऱ्या जुन्या इंजिनाचा दट्ट्या लाकडी पाटावर बसवून देणार होता, खाली नाव कोरून.

त्याची बायको रूली मात्र म्हणे, किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडते ती तुला ऐकू येत नाही, एकदा कान तपासून घे. त्यावर लुबर्ट म्हणायचा, “जे ऐकायला हवं ते मला ऐकू येतं.”

त्या मंगळवारी बसऱ्याहून कराचीचा टप्पा होता. बसऱ्याला उन्हाचा कहर. विमान उचललं की इंजिनांभोवतीच्या झडपा उघडाव्या लागतात, म्हणजे वारा आत शिरून ती थंड राहतात. नेमकी त्याच वेळी रूली वाटाण्याच्या सूपचा वाडगा घेऊन पाठीशी येऊन उभी राहिली. तीनदा हाक मारली, दारातून मारली, भिंतीला मारली असती तरी उत्तर आलं असतं, असं सगळं तिनं सुनावलं. त्यानंही दोन शब्द परत केले. वळून पाहतो तर तीन नंबरचा काटा लाल पट्टीच्याही पलीकडे. झडपा बंदच राहिल्या होत्या.

त्यानं ते इंजिन बंद केलं आणि तीन इंजिनांवर रडतखडत कराची गाठली. तेलात धातूचा चुरा आला होता. इंजिन संपलं होतं, आणि त्याबरोबर हजार तासही. सूप तसंच गार झालं. पण लुबर्टनं लपवाछपवी केली नाही. ‘चूक माझी. झडपा विसरलो. तीन नंबर भाजलं. मिन्केबाईंना शनिवारी मीच सांगेन’, असं चिठ्ठीत लिहून टाकलं. रात्रभर तळमळला, पण मनाला एक समाधान होतं की खोटं बोललो नाही.

शुक्रवारी एव्हर्टची चिठ्ठी आली. ‘घाबरलास उगीच. तीन नंबर जरा कुरकुरलं, पण चाललं. तुझ्या हाताचा गुण. शनिवारी काही बोलू नकोस.’

लुबर्टला आधी आनंद झाला. खोटं कशाला सांगा, डोळ्यांत पाणीच आलं. मग तो विमानात जाऊन बसला आणि तीन नंबर सुरू केलं. तेलाचा काटा सरळ उभा, उष्णता जागच्या जागी. तो काट्यांकडे बघत राहिला आणि त्याचा आनंद हळूहळू आटला. तेलात चुरा आलेलं इंजिन दोन दिवसांत आपोआप बरं होत नाही. वडिलांच्या टोपीतलं पाकीट काढून त्यानं लोण्याच्या सुरीनं फोडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा दवाखान्याचं पान उघडलं.

तीन नंबरचं वय होतं पाच तास. खाली जुन्या नोंदी होत्या. तीन वर्षांत अकरा वेळा नवीन इंजिन. कधी तीन नंबर, कधी एक, एकदा तर चारही.

केसानं गळा कापला, असं त्याच्या मनात आलं. एव्हर्ट स्वतः इंजिनं भाजत होता आणि गुपचूप बदलत होता, आणि वर गोड चिठ्ठ्या लिहीत होता! तो सायकल काढायला उठणारच होता, तेवढ्यात त्याला तारखांशेजारचे वार दिसले. बुधवार. बुधवार. अकराच्या अकरा बुधवार. त्याच्या मंगळवारनंतरचे आणि एव्हर्टच्या गुरुवारच्या आधीचे. म्हणजे भाजत होता तो स्वतः. मग त्यानं सायकल काढली, पण आता घाई नव्हती.

एव्हर्ट हरितगृहात शेवंतीच्या कुंड्या हलवत होता. लुबर्टचा चेहरा बघून त्यानं हातातली कुंडी खाली ठेवली.

“पान उघडलंस,” तो म्हणाला.

“अकरा वेळा, एव्हर्ट.”

“मोजली नाहीत मी. पहिल्यांदा एक नंबर खडखडत होतं आणि तुझ्या चिठ्ठीत लिहिलेलं, सगळं मधासारखं गोड. मला वाटलं थट्टा करतोयस. मग कळलं, लेका, तुला ते ऐकूच येत नाही.”

“मग मला सांगायचं.”

“काय सांगायचं? वडिलांचा कान, वडिलांचा कान करत होतास सगळीकडे. ते तुझ्यापासून मी काढून घेऊ?”

“ते माझ्याकडे नव्हतंच, तर काढून काय घेणार होतास? तीन वर्षं तू मला लहान पोरासारखं खेळवलंस. मी मूर्खासारखा शनिवारी छाती काढून उभा राहायचो, आणि तू समोर बसून माना डोलवायचास.”

एव्हर्टनं कॉफी घेतोस का विचारलं. असल्या वेळी कॉफी विचारणारा माणूस आपल्या बाजूचा नसतो, एवढं लुबर्टला त्या दिवशी समजलं. तो तसाच निघाला.

तरी शनिवारी तो क्लबात गेला. रूली म्हणाली, नको जाऊस. पण त्यानं ठरवलं होतं की दुसऱ्याच्या ओंजळीनं प्यायलेलं पाणी सगळ्यांसमोर ओकून टाकायचं. खुर्च्या गोल मांडलेल्या, प्रत्येकाच्या हातात कॉफी आणि बशीत एक बिस्किट, डबा झाकण लावून परत कपाटात. मिन्केबाईंनी दोन शब्द बोलून दट्ट्या त्याच्या हातात दिला. चांगला जड होता. पाटावर पितळी पट्टी, त्यावर त्याचं नाव आणि ‘हजार तास’.

लुबर्ट म्हणाला की हा मला नको. एकाही इंजिनाचे हजार तास झालेले नाहीत, अकरा वेळा इंजिनं बदलली, भाजली मी आणि बदलली एव्हर्टनं, आणि मला ते कालपर्यंत माहीत नव्हतं. बोलून झाल्यावर तो थांबला, की आता कुणीतरी चकित होईल, कुणीतरी एव्हर्टकडे रागानं बघेल.

कुणीच बघितलं नाही. सगळे आपापल्या कपात बघत होते. एव्हर्टही.

“बस लुबर्ट,” मिन्केबाई हळूच म्हणाल्या. “आम्हाला ठाऊक आहे रे.”

“कुणाला?”

तो एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत गेला. पंचवीस माणसं. दर शनिवारी त्याची गोष्ट ऐकून हसणारी, पाठ थोपटणारी. त्याच्या वडिलांबद्दल मुद्दाम विचारणारी. सगळ्यांनी त्याच्यावर दया केली होती, आणि दया करताना कुणालाही त्याला विचारावंसं वाटलं नव्हतं. शिवी दिली असती तर सोसली असती, असं त्याच्या मनात आलं. दट्ट्या त्यानं एव्हर्टच्या मांडीवर ठेवला आणि कोट घेतला.

घरी येऊन त्यानं रूलीला कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितलं. तिनं लगेच फोन लावला. महिन्याभरानं दोन्ही कानांत यंत्रं बसली. किटली शिट्टी मारते हे खरंच होतं, आणि बरीच कर्कश मारत होती. एव्हर्टच्या तीन चिठ्ठ्या आल्या होत्या. त्या न वाचता त्यानं टोपीत टाकल्या.

मग एका मंगळवारी त्यानं क्लबाशी संबंध नसलेलं नवं विमान घेतलं, फक्त स्वतःचं, आणि ॲमस्टरडॅमच्या धावपट्टीवर चारही इंजिनं एकेक करून सुरू केली. तीन नंबर शेवटी. आधी धूर, मग दोन-तीन ठसके, आणि मग एकसारखी, भरदार घरघर. त्याला ती स्पष्ट ऐकू आली, तळापासून वरपर्यंत, वडिलांना येत असेल तशी. इंजिन ठणठणीत होतं. त्यात संशयाला जागाच नव्हती.

लुबर्ट थोडा वेळ ऐकत राहिला. तरीही मग त्यानं दवाखान्याचं पान उघडलं आणि आकडा बघितला.